काट्यावरचं कोपर

प्रिय धाकट्या,

आधी एक वचन देते. या पत्रात तुझ्या हृदयाच्या झडपेबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. ती बदलून घ्या असं डॉक्टरांनी सांगितलं, तू ‘बघू’ म्हणालास, आणि तेव्हापासून घरात कुणी तो विषय काढला की तू दुकानाची किल्ली शोधायला लागतोस, हे सगळं मला ठाऊक आहे. पण मी बोलणार नाही. जिना चढताना तू अर्ध्यावर थांबतोस आणि भिंतीवरचा फोटो बघत उभा राहतोस, असं वहिनी सांगत होती. त्या भिंतीवर फोटो नाही, नुसता खिळा आहे, हेही तिनंच सांगितलं. तरीही मी बोलणार नाही. वचन म्हणजे वचन.

फोन सोडून पत्र का, असा प्रश्न तुला पडेल. कारण माझा फोन आला की तू ‘बोल ताई’ म्हणतोस, स्पीकर लावतोस आणि फोन समोर दुरुस्तीला आलेल्या वजनकाट्याच्या ताटलीत ठेवून कामाला लागतोस. ही बातमीसुद्धा वहिनीचीच. मी इकडे घसा फोडून व्याख्यान देते आणि काट्यावर वजन भरतं ते फक्त फोनचं. मधूनमधून तू एक ‘हं’ टाकतोस, तोही बहुधा एखाद्या न निघणाऱ्या स्क्रूला उद्देशून. पत्राचं तसं नाही. ते वाचायला हातात धरावं लागतं, आणि तेवढा वेळ तरी पेचकस खाली ठेवावा लागतो.

माझं म्हणशील तर नवा खुबा उत्तम चालतो आहे. काठी कोपऱ्यात उभी असते, तिचा उपयोग आता एखादा मुद्दा ठासून सांगण्यापुरताच. परवा वाचनालयात बोलताना मी ती टेबलावर इतक्या जोरात आपटली की अध्यक्षांच्या पुढ्यातलं पाणी सांडलं. ते म्हणाले, ताई, तुमचा खुबा बदलला की खांदा? असो. मी दवाखान्यात होते तेव्हा तू वहिनीबरोबर येऊन गेलास. मी अखंड बोलत होते, वहिनी ऐकत होती, आणि तू माझ्या पलंगाचं कुरकुरणारं चाक सरळ करून निघून गेलास. त्यामुळे तिथे मी केवढा उपद्व्याप करून ठेवला ते तुला कुणी सांगितलंच नसणार. आज सांगते.

मी भरती झाले तेव्हा त्या दवाखान्यात एक संशोधन चालू होतं. ते करणारी डॉक्टर तरुण होती. तिचा चष्मा कायम डोक्यावर चढवलेला असायचा आणि ती कायम तो शोधत असायची, म्हणून आमच्या वॉर्डात सगळ्या तिला ‘चष्मेवाली’ म्हणायच्या. ती माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसली आणि तिनं समजावून सांगितलं. प्रश्न असा होता की ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पेशंटजवळ कुणी बसावं, आणि बसून काय करावं. काही पेशंटांना एक नर्स रोज अर्धा तास चित्रं दाखवून सगळं समजावणार: कुठे कापणार, काय बसवणार, कधी उठायचं. बाकीच्यांजवळ तेवढाच वेळ एक सोबती येऊन बसणार. सोबतीनं आपणहून बोलायचं नाही. पेशंट बोलला तर ऐकायचं, त्यानं काही विचारलं तर उत्तर द्यायचं किंवा योग्य माणसाला बोलावून आणायचं. मग कुणाचा रक्तदाब काय म्हणतोय, कुणाला दुखण्याची औषधं जास्त लागली, कोण लवकर चाललं, कोण लवकर घरी गेलं, हे सगळं मोजायचं. कुणाला नर्स आणि कुणाला सोबती, हे चिठ्ठ्या टाकून ठरणार. चिठ्ठ्याही माणसानं टाकायच्या नाहीत, यंत्रानं.

मी विचारलं, यातलं बरं कोणतं? ती म्हणाली, माहीत नाही. माहीत असतं तर चिठ्ठ्या कशाला टाकल्या असत्या?

धाकट्या, जन्मभर मी व्यासपीठावर ज्यांच्या शेजारी बसले त्या सगळ्यांना सगळं माहीत होतं. मलाही होतंच. ‘माहीत नाही’ हे शब्द इतक्या शांतपणे, मान वर ठेवून उच्चारलेले मी पहिल्यांदा ऐकले. मी तिथल्या तिथे सही केली. माझी मतं तुला ठाऊक आहेतच. आपल्याकडे माणूस आजारी पडला की त्याला आधी औषध मिळत नाही, कुणाच्या तरी मेहुण्याची गोष्ट मिळते. तुझ्या गल्लीतल्या सायकलवाल्याचा मेहुणा घे. त्याच्या पोटदुखीवरून अख्ख्या गल्लीनं रात्रीचं जेवण सोडलं. आणि त्याचं छातीचं ऑपरेशन झालं आणि तो घरी परत आलाच नाही, हे तू मला दोनदा ऐकवलंस. तू एरवी एखादं वाक्य दोनदा बोलत नाहीस, म्हणून मी चौकशी केली. तो घरी आला नाही कारण दवाखान्यातून तो थेट मुलीकडे राहायला गेला. सायकलवाल्याशी त्याचं पटत नाही. ठणठणीत आहे, मुलीच्या बागेत खड्डे खणतो. पण मी तुझ्या विषयावर बोलणार नाही असं म्हटलंय, म्हणून मेहुण्याला इथेच सोडते.

तर चिठ्ठी निघाली. मला वाटलं होतं मला नर्स मिळेल आणि तिच्याशी शरीरशास्त्रावर दोन गोष्टी बोलता येतील, कारण भरती होण्याआधी मी त्या विषयावर चार जाडजूड पुस्तकं संपवली होती. मिळाली सोबती. ज्या यंत्रानं ही चिठ्ठी काढली त्याला विनोदबुद्धी नसते असं चष्मेवालीनं शपथेवर सांगितलं, माझा अजून विश्वास बसत नाही.

सोबती म्हणून आलेल्या बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या होत्या. उभी हयात कानाला यंत्र लावून लोकांचं बोलणं जोडून दिलं आणि मधे एक शब्द टाकला नाही. वॉर्डात त्यांचं नाव ‘एक्स्चेंज’ पडलं. त्या यायच्या, खुर्ची माझ्या उशाकडे घ्यायच्या, हात मांडीवर ठेवायच्या आणि बसायच्या. झालं. पहिल्या दिवशी मी त्यांना भूल देण्याच्या शास्त्राचा इतिहास सांगितला. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक दवाखान्यांवर राज्यकर्त्यांनी कसा अन्याय केला ते सांगितलं. सभागृहात या भाषणावर टाळ्या पडतात. एक्स्चेंजबाईंनी फक्त मान हलवली, तीही टाळीसारखी नव्हे, तर पलीकडचा माणूस अजून लाइनवर आहे का हे बघताना हलवतात तशी. मी थांबले की त्या थांबायच्या. मला सवय अशी की मी थांबले की समोरच्यानं काहीतरी म्हणावं, म्हणजे मला त्याचं खंडन करता येतं. इथे खंडन करायला काही नव्हतंच. रिकाम्या सभागृहात बोलल्यासारखं व्हायचं आणि माझाच आवाज मला परत ऐकू यायचा. तो नेहमीपेक्षा जरा वरच्या पट्टीत लागलाय हे माझ्या लक्षात आलं. पण मी ते वॉर्डाच्या उंच छतावर ढकललं.

त्यात माझं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, कारण रक्तदाब खाली येईना. नर्स म्हणाली, ताई, पट्टा बांधल्यावर तरी बोलू नका. मी म्हटलं, मी बोलत नाहीये, मी फक्त एक मुद्दा पूर्ण करतेय. ती म्हणाली, मग मुद्द्याचा रक्तदाब वाढलाय.

अशी मी वॉर्डात मोकळी सापडले. आजूबाजूला पाहिलं तर निम्म्या बायका संशोधनाला ‘नाही’ म्हणत होत्या. का? तर कुणाच्या तरी मेहुण्यावर प्रयोग केला होता. माझं रक्त उसळलं. जेवणाची भांडी उचलून झाली होती, भेटीची वेळ व्हायची होती, सगळ्या जाग्या होत्या. इतका तयार श्रोता मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. मी खाटेच्या दांड्याला धरून उभी राहिले आणि बोलले. काय बोलले ते सगळं लिहीत नाही, पण थोडक्यात असं, की आज तुम्ही जी गोळी घेता ती कुठल्यातरी अनोळखी बाईनं ‘माझ्यावर बघा’ म्हटलं म्हणून तुमच्यापर्यंत आली. तिचे उपकार कसे फेडणार? मेहुण्यांच्या राज्यात किती दिवस राहणार? शेवटी माझा आवाज भरून आला, दोघीतिघींनी डोळे पुसले, आणि समोरच्या खाटेवरची शिंपीणबाई ओरडली, कुठे सही करायची ते सांगा. संध्याकाळपर्यंत वॉर्डातली एकही बाई संशोधनाबाहेर राहिली नाही. एकीनं तर भेटायला आलेल्या बहिणीचंही नाव द्यायचं म्हटलं. बहिणीला काही झालेलं नव्हतं.

मला वाटलं चष्मेवाली आनंदानं नाचेल. पण पुढचे तीन-चार दिवस ती दुसऱ्या इमारतीत होती, सह्या तिच्या मदतनिसानं घेतल्या, तिला भाषणाचं काही कळलं नव्हतं. आणि त्या तीन-चार दिवसांत वॉर्डात दोन पक्ष पडले. हे मी केलं नाही, पण माझ्या भाषणानंतर झालं, हे खरं. ज्यांना नर्स मिळाली तो ‘बोलका पक्ष’, ज्यांना सोबती मिळाली तो ‘गप्प पक्ष’. कोण आधी चालतं, कोण आधी घरी जातं, यावर चुरस लागली. बोलक्या पक्षाच्या एक बाई वॉकर घेऊन मुद्दाम आमच्या खाटांसमोरून फेऱ्या मारायच्या आणि ‘आम्हाला सगळं समजावून सांगितलंय हो’ असं हवेला सांगायच्या. आमचा पक्ष अर्थातच गप्प राहून जळायचा.

शिंपीणबाई आमच्या पक्षाची. तिचा गुडघा बदलला होता. रोज सकाळी दुखण्याला आकडा विचारतात, काहीच दुखत नसेल तर शून्य, सहनच होत नसेल तर दहा. शिंपीणबाई ‘दोन’ म्हणायची. दोनदोन म्हणते म्हणून तिची दुखण्याची औषधं कमी केली. मग एकदा व्यायाम शिकवणारी मुलगी तिचा पाय वाकवायला गेली तर गुडघा फुगून भोपळ्याएवढा, वाकायला तयार नाही, आणि शिंपीणबाईच्या तोंडात टॉवेलाचं टोक. ती टॉवेल चावून ‘दोन’ म्हणत होती. मुलीनं विचारलं, मावशी, खरं सांगा. तर ही म्हणते, नऊ आहे गं, पण मी नऊ म्हटलं तर आमची बाजू हरेल, आणि ताई एवढ्या तळमळीनं बोलल्या.

मी जागच्या जागी बसले. तुझ्या दुकानातलं ते दृश्य डोळ्यांसमोर आलं. गिऱ्हाईक काटा तपासायला येतं, बोलता बोलता ताटलीच्या कडेवर कोपर टेकवतं, आणि मग तक्रार करतं की काटा चुकीचा दाखवतोय. तू मान वर न करता म्हणतोस, कोपर काढा. दिवसभरात तू कुणाशी जे काही बोलतोस त्यातलं अर्धं हेच असतं. काट्यात दोष नसतो. मीही वॉर्डभराच्या काट्यावर कोपर टेकून उभी होते, आणि वर तो काटा किती थोर आहे यावर व्याख्यान देत होते.

त्याच तासाला मी चष्मेवालीला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, ताई, तुम्ही भाषण केलंत? मी म्हटलं, छोटंसं. तिनं चष्मा डोक्यावरून काढून डोळ्यांवर लावला. तिनं तो लावलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि मला ते बरं वाटलं नाही. ती रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती रागावली नाही. म्हणाली, लोकांनी तुमच्यासाठी ‘हो’ म्हणायचं नव्हतं, स्वतःसाठी म्हणायचं होतं. आणि आता मला प्रत्येकीला पुन्हा विचारावं लागेल, एकटीला, तुम्ही नसाल अशा खोलीत. तिनं तसं विचारलं. शिंपीणबाईची औषधं त्याच दिवशी वाढवली, गुडघा आठवड्याभरात वळणावर आला. ती आता शिवणयंत्र पायानं चालवते आणि मला दर महिन्याला एक पिशवी शिवून पाठवते, पिशव्या ठेवायला आता पिशवी हवी. पण दोघीजणी त्या खोलीतून ‘नाही’ सांगून परत आल्या. मी चष्मेवालीला म्हटलं, अरेरे. ती म्हणाली, अरेरे काय? ‘नाही’ हेही उत्तरच आहे, आणि ते मला खरं मिळालं.

मग ती म्हणाली, ताई, अजून एक. तुमचे आकडे मला धरता येणार नाहीत. म्हणजे संशोधनाच्या बाजूनं जन्मभर घसा फोडणारी तुझी बहीण संशोधनातून बाद झाली. बाद झालेल्यांच्या ओळीत कारण काय लिहिणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘इतर’. मला कुणी आयुष्यात इतकं लागेल असं बोललं नव्हतं.

माझी रवानगी कॉरिडॉरच्या टोकाच्या एकट्या खोलीत झाली. तिथे बोलायला भिंत आणि औषधांचं कपाट. दोन दिवसांत रक्तदाब इतका खाली आला की नर्सनं दुसरं यंत्र आणून खात्री करून घेतली.

ऑपरेशनच्या सकाळी एक्स्चेंजबाई आल्या. मी म्हटलं, मी तर बाद झालेय, तुम्ही कशा? त्या म्हणाल्या, आज माझी सुट्टी आहे. खुर्ची उशाशी घेतली, हात मांडीवर ठेवले आणि बसल्या. मी बोलायला तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच काय बोलावं ते सुचेना. संशोधन नाही, मोजणारं कुणी नाही, वॉर्ड नाही, टाळ्या नाहीत. समोर ती बाई, लाइन धरून बसलेली. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. बऱ्याच वेळानं मी म्हटलं, मला भीती वाटतेय. त्या म्हणाल्या, हं. मी म्हटलं, मरायची नाही. भूल देताना घशात नळी घालतात, त्यानं आवाज गेला तर? आवाज गेला तर मी कोण उरते? हे बोलले आणि मला इतकं हलकं वाटलं, आणि इतकी लाजही वाटली, की मी तोंडावर पांघरूण घेतलं. पांघरुणाबाहेरून त्या म्हणाल्या, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलंत का? मी म्हटलं, त्यांनी विचारलं होतं काही शंका आहे का म्हणून. पण मी त्यांना त्यांच्याच शास्त्राचा इतिहास सांगत बसले.

त्या उठल्या आणि त्यांना घेऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, अहो, घशात नळी घालायलाच हवी असं नाही. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं शरीर बधिर करता येतं. तुम्ही त्या दिवशी इतक्या ठाम होतात की मला वाटलं तुम्हाला पूर्ण भूलच हवी आहे. इतकं सोपं होतं ते, धाकट्या. चार जाडजूड पुस्तकांत ते मी वाचलंही होतं. पण भीती वाटते हे ज्याला कबूल नाही त्याला भीतीवरचा उपाय पुस्तकात दिसत नाही. ऑपरेशन सुरू झालं तेव्हा मी टक्क जागी होते. पंधरा-वीस मिनिटं झाल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी भूलवाल्यांना हळूच सांगितलं की यांना थोडी झोप द्या, मला हातोडीचा आवाज ऐकू येत नाहीये. मी त्यांना कामगारांच्या सुरक्षेबद्दल सांगत होते.

आता या गोष्टीतून तू घाईनं काही तात्पर्य काढू नकोस, मी काढलं आणि तोंडावर पडले. गेल्या महिन्यात चष्मेवालीचा फोन आला. काम पूर्ण झालं, आकडे लागले. मी कागद-पेन घेऊन बसले, गप्प पक्षाची कट्टर ना. निकाल असा की दुखण्याच्या औषधांत फरक नाही, चालण्यात फरक नाही, घरी जाण्यात फरक नाही. एकाच ठिकाणी थोडासा दिसला: ज्यांच्याजवळ कुणी नुसतं बसलं होतं, त्यांनी ऑपरेशनआधी डॉक्टरांना जास्त प्रश्न विचारले. तोही इतका बारीक की पुन्हा मोजल्याशिवाय खात्री देता येत नाही. मी म्हटलं, एवढी वर्षं घालवून एवढंच? माझं तर आयुष्य बदललं त्या खुर्चीनं. ती हसली. म्हणाली, ताई, तुमचं बदललं असेल. पण तुम्ही एक आहात. मी फोन ठेवला आणि मग मलाही हसू फुटलं. मी कुणाचातरी मेहुणा झाले होते. सायकलवाल्याच्या मेहुण्याच्या शेजारी आता माझीही खुर्ची. म्हणून माझं बघून तू काही ठरवावंस असं मी म्हणत नाही. झडपेच्या ऑपरेशनबद्दल हजारो माणसांवर मोजलेले आकडे तुझ्या डॉक्टरांकडे आहेत, ते माझ्यापेक्षा खरे आहेत. हे वाक्य वचनभंगात मोडत असेल तर मोडू दे, एकच आहे.

पण त्या फोननंतर मला राहून राहून तुझ्या डॉक्टरांची खोली आठवते आहे. आपण तिघं गेलो होतो, तू, वहिनी आणि मी. डॉक्टरांनी तुला विचारलं, धाप कधी लागते? मी सांगितलं. झोप कशी लागते? मी सांगितलं. आधीचे आजार, आईचं हृदय, बाबांचं हृदय, सगळं मी तारीखवार सांगितलं, आणि तुझ्या वतीनं इतकं चांगलं सांगितलं की डॉक्टर लिहून घेता घेता थकले. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, तुम्हाला काय वाटतं, करायचं का? मी म्हटलं, तयारच आहे तो. तेव्हा तू कोपऱ्यातल्या पेशंटांच्या वजनकाट्याकडे बघत होतास. त्या अर्ध्या तासात तू एकच वाक्य बोललास: हा काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतोय. डॉक्टर हसले, मी हसले, वहिनी हसली नाही. मी रिक्षात तुला म्हटलंही, अरे, तिथे काय विचारतायत आणि तू काय सांगतोयस. तू म्हणालास, बघू. आता वाटतं की तू त्या खोलीत दाखवण्यासारखी एकच गोष्ट दाखवलीस. काट्यावर कुणाचं तरी वजन जास्तीचं पडत होतं.

म्हणून हे पत्र. तुला पटवायला नाही. पटवायचं असतं तर वहिनीला सांगून तो फोन ताटलीतून उचलायला लावला असता. तुझ्याकडे मला एक जागा मागायची आहे. रविवारी दुकान बंद असतं आणि तरी तू तिथेच असतोस. मी येईन. तुझ्या कामाच्या टेबलाशी ते तीन पायांचं स्टूल आहे ना, त्यावर बसेन आणि हात मांडीवर ठेवेन. तू काम कर. झडपेबद्दल विचारणार नाही, आकडे सांगणार नाही, मेहुण्याचं नाव काढणार नाही. तू बोललास तर ऐकेन, काही विचारलंस आणि मला येत नसेल तर ज्याला येतं त्याला घेऊन येईन. दिवसभर काहीच बोलला नाहीस तर पुढच्या रविवारी पुन्हा येईन, आणि तोवर तुला जिन्यात थांबावंसं वाटलं तर थांब, मी खालच्या पायरीवर उभी राहीन, मलाही तो खिळा बघायचाच आहे. मला जमणार नाही असं वहिनीचं ठाम मत आहे, आणि तिनं मुलांशी पैजही लावली आहे. शेवटी तू ‘हो’ म्हण की ‘नाही’ म्हण. ‘नाही’ म्हणालास तर मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून पोटभर भाषण करीन, पण तुझ्यासमोर करणार नाही. फक्त जे म्हणशील ते तुझं असू दे, माझ्या आवाजातलं नको. तुझं ‘बघू’ म्हणजे नेमकं काय, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही, आणि आताही विचारत नाही. कोपर काढलं आहे. काटा कुठे थांबतो ते तू सांग.

तुझीच,
(रविवारपुरती गप्प)
ताई